कोटणीसांची शाळा आणि आजचा केसपेपर

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव ठाऊक नसलेला सुशिक्षित माणूस सोलापुरात सापडणे कठीण. भैय्या चौकातील त्यांच्या जन्मघराचे स्मारक झाले आहे. चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. चिनी नेते भारतभेटीस आले की कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत, हेही वृत्तपत्रवाचकांच्या परिचयाचे आहे. एवढा मान मिळूनही या माणसाच्या आयुष्याची एक बाजू मात्र अंधारातच राहिली. रणभूमीवरील शल्यचिकित्सक म्हणून त्यांना वंदन केले जाते. अध्यापक म्हणून त्यांची आठवण क्वचितच निघते. वस्तुतः आयुष्याच्या अखेरच्या पर्वात शस्त्रक्रियांइतकीच त्यांची शक्ती खर्ची पडली ती विद्यार्थी घडविण्यात, आणि त्यांच्या हातून अपुरे राहिलेले शेवटचे काम होते ते एका पाठ्यपुस्तकाचे.

ही बाजू आज आठवण्यास कारण आहे. कोटणीसांच्या जन्मगावी १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉ. वैशंपायन यांच्या नावाने ते ओळखले जाते आणि छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय त्याला जोडलेले आहे. अशा प्रत्येक महाविद्यालयात दरवर्षी शेकडो विद्यार्थी रुग्णांच्या खाटेशी उभे राहून त्यांची हकिगत लिहून घेतात, तपासणीची टिपणे करतात आणि त्यांवर गुण मिळवितात. हे लेखन चांगले की वाईट हे ठरवायचे कसे, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. परंतु एक रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा त्याच्याविषयीचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते की वाटेतच सांडते, हे या कारकुनीवर अवलंबून असते. कोटणीसांचे चरित्र या दृष्टीने वाचले म्हणजे बऱ्याच गोष्टी उलगडतात.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घर कनिष्ठ मध्यमवर्गीय. दोन भाऊ, पाच बहिणी असा मोठा परिवार. त्या काळचे सोलापूर हे गिरण्यांचे गाव होते. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि त्यानंतरच्या अर्धशतकात कामगारांची वस्ती वाढत गेली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, दक्षिणेकडून कन्नड बोलणारे लिंगायत आणि इतर समाज आले, दख्खनी उर्दू बोलणारी मुसलमान वस्ती होतीच. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी या चारही बोली बाजारात एकाच वेळी कानांवर पडत. अशा गावात वाढलेल्या मुलाला परभाषेचे भय फारसे वाटत नाही. कोटणीस पुढे चीनमध्ये ज्या सहजतेने चिनी शिकले तिचे मूळ येथे असावे असे मानण्याचा मोह होतो. तो पुराव्याने सिद्ध करता येणार नाही, पण सोडवतही नाही.

ते विशीत आले त्या वर्षी सोलापूर देशभर गाजले. मे १९३० मध्ये येथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना फाशी देण्यात आली. त्या पिढीतील तरुणांच्या मनावर या घटनेचा ठसा किती खोल उमटला असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

वैद्यकीय शिक्षणासाठी कोटणीस मुंबईस शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात गेले. परळचे हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय १९२६ साली सुरू झाले, ते एका निश्चित हेतूने. सरकारी वैद्यकीय संस्थांत वरिष्ठ जागांवर इंग्रज अधिकाऱ्यांची मक्तेदारी असताना येथे अध्यापकवर्ग भारतीयच असावा अशी देणगीदारांची अट होती. डॉ. जीवराज मेहता हे तेथील पहिले अधिष्ठाता. भारतीय शिक्षक भारतीय विद्यार्थ्यांना भारतीय रुग्णांच्या खाटेशी शिकवीत आहेत, हे दृश्य आज कोणाला विशेष वाटणार नाही. त्या काळी ते एक विधान होते.

खाटेशी शिकण्याची ही पद्धत पाश्चात्त्य वैद्यकातही फार जुनी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम ऑस्लर यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून काढून थेट वॉर्डात आणले, प्रत्येकाच्या वाट्याला काही रुग्ण दिले आणि त्यांची हकिगत लिहिण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. इंग्लंडमध्ये हचिसन आणि रेनी यांचे रुग्णतपासणीवरील पुस्तक १८९७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. आधी रुग्णाची तक्रार, ती किती दिवसांची, मग तिचा क्रम, मग पूर्वीचे आजार, घरची परिस्थिती, त्यानंतर तपासणी, हा जो साचा आजही प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो तो या परंपरेतून आलेला आहे. कोटणीसही याच परंपरेत तयार झाले.

पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असतानाच त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले. जनरल चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी जनतेला आवाहन केले आणि बावीस हजार रुपयांचा निधी उभा राहिला. पाच डॉक्टरांचे पथक निवडण्यात आले. अलाहाबादचे डॉ. अटल हे त्याचे प्रमुख, आणि स्पेनच्या यादवी युद्धात काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे वयाने ज्येष्ठ डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस हे इतर चौघे. सप्टेंबर १९३८ च्या आरंभी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीसांचे वय तेव्हा अठ्ठावीसही पुरे नव्हते.

कँटन, हांको, इचांग, चुंगकिंग असा त्यांचा प्रवास झाला. जपानी फौजा पुढे सरकत होत्या आणि रुग्णालये मागे हटत होती. चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परत जाण्यास कोणीही हरकत घेतली नसती. ते गेले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले, तेथे माओ त्से तुंग यांनी त्यांचे स्वागत केले, आणि पिवळ्या मातीच्या कड्यांत कोरलेल्या गुहांमधील रुग्णालयांत त्यांचे काम सुरू झाले. प्रत्येकाच्या चिनी नावाला चीन या अर्थाचा हुआ हा शब्द जोडला गेला. कोटणीसांचे नाव झाले के दिहुआ. चोळकर व मुखर्जी प्रकृतीच्या कारणाने लवकर परतले, पुढे अटलही गेले. १९४० साली कोटणीस आणि बसू उत्तरेकडे, जपानी व्याप्त प्रदेशाच्या पाठीमागे असलेल्या शानशी-चहार-होपै या सरहद्द प्रदेशात दाखल झाले. बसूंना काही काळाने येनानला परत बोलाविण्यात आले. कोटणीस तेथेच राहिले.

हा प्रदेश डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या कामाचा होता. हे कॅनेडियन शल्यचिकित्सक १२ नोव्हेंबर १९३९ रोजी शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन मरण पावले होते. कोटणीसांची आणि त्यांची भेट झाली नाही. १९४० साली कोटणीस पोहोचले ते त्यांच्या समाधीपाशी. परंतु बेथ्यून यांनी मागे ठेवलेल्या गोष्टींत केवळ समाधी नव्हती. त्यांनी आरोग्यसेवक तयार करणाऱ्या एका शाळेचा आग्रह धरला होता आणि ती सप्टेंबर १९३९ मध्ये सुरूही झाली होती. त्यांच्या मृत्यूनंतर शाळेला त्यांचे नाव मिळाले. गनिमी युद्धातील रुग्णालयाची रचना कशी असावी यावर त्यांनी एक पुस्तिकाही लिहून ठेवली होती. बेथ्यून हे संतापी म्हणून प्रसिद्ध, आणि त्यांच्या संतापाचे एक मोठे कारण अर्धवट शिकलेल्या माणसांकडून होणारी निष्काळजी शुश्रूषा हे होते. त्यावर त्यांनी काढलेला उपाय शिक्षणाचा होता, हे विसरता कामा नये.

१९४० च्या शरदात, शंभर रेजिमेंटांची मोहीम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लढाईत, कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एका प्रसंगी त्यांनी सलग बहात्तर तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. रुग्णालय म्हणजे एखादी इमारत नव्हे. खेड्यातील घरांतून विखुरलेल्या खाटा, आणि जपानी फौज येत असल्याची बातमी लागताच डोंगरात हलवावयाचे सामान. त्याच सुमारास बेथ्यून यांच्या नावाच्या शाळेत ते शल्यशास्त्र शिकवू लागले. विद्यार्थी बहुतेक शेतकरी कुटुंबांतील तरुण. त्यांचे शालेय शिक्षण तुटपुंजे होते, पुस्तके जवळजवळ नव्हती, उपकरणे मोजकी होती आणि वर्ग भरायचा तो लढाईच्या फटीत.

येथे कोटणीसांनी केलेली पहिली गोष्ट म्हणजे भाषा आत्मसात करणे. दुभाष्याच्या मदतीने शिकविता येते, शस्त्रक्रियाही करता येते. पण जखमी माणूस आपली वेदना सांगतो तेव्हा दुभाषी जे सांगतो तो त्या वेदनेचा सारांश असतो. कोटणीस चिनी बोलू लागले, मग वाचू आणि लिहू लागले, आणि अखेर वर्गात चिनीतूनच शिकवू लागले. शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवरील पुस्तक त्यांनी विद्यार्थ्यांसाठी तयार केले आणि त्यानंतर निरनिराळ्या अवयवांच्या शस्त्रक्रियांवरील दुसरे पुस्तक हाती घेतले. रणांगणावरील डॉक्टराने पाठ्यपुस्तक लिहीत बसावे हे चमत्कारिक वाटेल. पण एक शल्यचिकित्सक किती माणसे वाचवील, याला त्याच्या जागण्याची मर्यादा आहे. बहात्तर तासांनंतर तोही थकतो. शिकविलेल्या शंभर जणांच्या कामाला ती मर्यादा नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर कोटणीसांनी आपला वेळ उपभोगातून काढून भांडवलात गुंतविला, आणि तोही अशा ठिकाणी की जेथे उद्याचा भरवसा नव्हता.

आता अशा रुग्णालयातील जखमीचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. लढाईच्या जागी एक सेवक त्याच्या जखमेवर पट्टी बांधतो. रात्री गावकरी डोलीतून त्याला दहा-बारा कोसांवर नेतात. तेथे दुसरा माणूस शस्त्रक्रिया करतो. तेथूनही धोका वाढला की त्याला मागच्या गावी हलवितात आणि त्याची शुश्रूषा तिसऱ्याकडे जाते. पहिल्याने रक्त थांबविण्यासाठी आवळपट्टी किती वाजता बांधली हे तिसऱ्याला कळले नाही तर हात किंवा पाय जाण्याचा संभव असतो. जखम शिवली की मुद्दाम उघडी ठेवली, धातूचा तुकडा काढला की आत राहिला, कोणते औषध किती दिले, हे सांगणारा माणूस रुग्णाबरोबर नसतो. असलाच तर एक कागद असतो. जगातील सगळ्याच सैन्यांच्या वैद्यकीय सेवेत जखमीच्या अंगावर चिठ्ठी बांधण्याची पद्धत आली ती या गरजेतून. चिठ्ठी लिहिणारा हा अर्धशिक्षित शेतकऱ्याचा मुलगा असेल तर त्याला शल्यशास्त्र शिकविणे म्हणजे काही अंशी लिहावयास शिकविणेच होय: काय पाहिले, काय केले, कधी केले आणि पुढे काय करावयाचे आहे. त्या चिठ्ठीची परीक्षा गुणांनी होत नाही. वीस कोसांवरचा अनोळखी डॉक्टर तिच्यावर विसंबून योग्य ते करू शकला, तर चिठ्ठी उत्तीर्ण.

आपल्या महाविद्यालयांतील परीक्षेत हा पुढचा वाचकच हरवलेला आहे, आणि मूळ दुखणे तेथे आहे.

अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला एक रुग्ण दिला जातो. तो हकिगत घेतो, तपासतो, कागदावर लिहितो आणि मग परीक्षकापुढे उभा राहून तोंडी सादर करतो. प्रश्नोत्तरे होतात, गुण पडतात. या व्यवहारात लिहिलेला कागद हा बोलण्याचा आधार ठरतो. तो स्वतंत्रपणे वाचला जाण्याची वेळ सहसा येत नाही. वर्षभर लिहिलेल्या वह्यांवर सह्या होतात, परंतु सही म्हणजे वाचन नव्हे. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने लॉगबुक अनिवार्य केले, कौशल्यांची यादी दिली. हे पाऊल योग्य दिशेचे आहे यात शंका नाही. पण ज्या गोष्टीची रकाने भरून मोजदाद होते तिची रकाने भरण्याची कलाच विद्यार्थी आधी शिकतात, हा अनुभव कोणत्याही शिक्षकाला नवा नाही. अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतही हेच घडते.

मोजमापाची अडचण खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. टिपणाचे मूल्यमापन करण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एका मार्गात मुद्द्यांची यादी करावयाची: दिनांक आहे का, वेळ आहे का, तक्रारीचा कालावधी आहे का, ॲलर्जीची चौकशी केली का, सही आहे का. या पद्धतीत दोन परीक्षकांचे गुण बरेच जुळतात आणि वेळही थोडा लागतो. दुसऱ्या मार्गात अनुभवी डॉक्टर संपूर्ण टिपण वाचतो आणि त्यातून रुग्णाचे चित्र उभे राहते की नाही यावर मत देतो. हे मत अधिक अर्थपूर्ण असते, पण परीक्षकागणिक बदलते. यादीची पद्धत न्याय्य भासते म्हणून ती लोकप्रिय होते. आणि तिच्यामुळे न तपासलेल्या पोटाविषयीही सर्व काही ठीक असल्याचे लिहून ठेवण्याची सवय जडते. केसपेपरवर दिसणारी एन. ए. डी. ही तीन अक्षरे, म्हणजे दोष आढळला नाही, ही कधी तपासणीची नोंद असते तर कधी तपासणी टाळल्याची. कागदावरून त्यांतला फरक ओळखता येत नाही. तीच गोष्ट सी. एस. टी. या आद्याक्षरांची. कालचेच उपचार चालू ठेवावेत, असा त्यांचा अर्थ. सात दिवसांच्या केसपेपरवर सात वेळा हीच अक्षरे असतील तर रुग्ण सुधारतो आहे की खचतो आहे हे रात्रपाळीच्या डॉक्टराने ओळखावे कसे?

अमेरिकेत लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली या दुखण्यावर एक तोडगा सुचविला. रोज लिहिताना रुग्ण काय म्हणतो, तपासणीत काय दिसते, त्यावरून काय वाटते आणि पुढे काय करावयाचे, असे चार भाग करावेत आणि प्रत्येक समस्येची वेगळी नोंद ठेवावी, ही त्यांची मांडणी जगभर पसरली. तिचे मर्म तिसऱ्या भागात आहे. पहिल्या दोन भागांतून चौथ्यावर उडी मारणे सोपे असते; मधला विचार लिहावा लागला की तो करावाही लागतो. विद्यार्थ्याच्या टिपणातील हा तिसरा भाग किती ओळींचा आहे आणि तो आधीच्या माहितीवरून निघतो की पुस्तकातून उतरविलेला आहे, हे परीक्षकाने पाहिले तर निम्मे काम होईल.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती सोलापूरला विशेष लागू आहे. येथील वॉर्डात विडी वळणारी तेलुगू भाषक बाई असते, अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा शेतमजूर असतो, सांगोल्याकडचा मराठी मेंढपाळ असतो. विद्यार्थी इंग्रजीत लिहितो. रुग्ण म्हणतो की चक्कर येते. त्याचा अर्थ खोली फिरल्यासारखी वाटते असा असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते असा असेल, किंवा नुसता अशक्तपणाही असेल. या तिन्ही अर्थांचे आजार वेगळे आणि तपासण्याही वेगळ्या. विद्यार्थ्याने एकच इंग्रजी शब्द लिहिला की त्याच क्षणी तिन्हींपैकी दोन दारे बंद होतात, आणि पुढचा डॉक्टर त्या बंद दारांवर टकटक करीत नाही. कणकण, धाप, कळ, आग, पित्त, गॅस, कसेतरी होणे, या प्रत्येक शब्दाची हीच कथा आहे. रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत नोंदवावी असे पाठ्यपुस्तके पूर्वीपासून सांगत आली आहेत. आपण ते शब्द इंग्रजीत नोंदवितो आणि नियम पाळल्याचे समाधान मानतो! देवनागरीत एक ओळ लिहिण्यास कोणत्याही विद्यापीठाची मनाई नाही. रुग्णाचा मूळ शब्द, मग विद्यार्थ्याने त्याचा लावलेला अर्थ, आणि मध्ये दुभाष्याचे काम नातेवाइकाने केले असल्यास तसा उल्लेख, एवढे जरी टिपणात आले तरी त्याचे मोल वाढेल. होपै प्रांतातल्या खेड्यात बसून चिनी गिरविणाऱ्या कोटणीसांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती.

अलीकडे या लेखनाला आणखी एक वाचक मिळाला आहे, तो म्हणजे न्यायालय. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिला. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी आंतररुग्णांचे कागद तीन वर्षे जपण्याचे आणि मागणी केल्यापासून बहात्तर तासांत देण्याचे बंधन घातले. रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. मात्र त्यामुळे विद्यार्थ्याला लेखनाचे महत्त्व सांगताना बहुधा खटल्याची भीती दाखविली जाते, आणि टिपण हे पुढच्या डॉक्टरासाठी लिहिलेले पत्र न राहता मागच्या डॉक्टराचे बचावपत्र होते. सावधपणे लिहिलेले आणि उपयोगी लिहिलेले ही दोन भिन्न टिपणे असतात. संगणकाने प्रश्न सुटेल असेही कोणी म्हणेल. अक्षराचा प्रश्न सुटेल, यात वाद नाही. परंतु कालची नोंद उचलून आजच्या तारखेला चिकटविणे संगणकावर जितके सुलभ आहे तितके हाताने लिहिताना कधीच नव्हते.

कोटणीसांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखे आहे, कारण ते थोडकेच होते. १९४१ च्या अखेरीस त्यांनी त्याच शाळेत परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. जुलै १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. ऑगस्टमध्ये मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन देशांच्या चिनी नावांतील एकेक अक्षर घेऊन त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. अपस्माराचे झटके त्यांना त्याआधीपासूनच येत होते. विश्रांतीसाठी अन्यत्र जाण्याच्या सूचना त्यांनी मानल्या नाहीत. शस्त्रक्रिया, वर्ग आणि पुस्तकाचे लेखन चालूच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यानेच त्यांचा अंत झाला. वय बत्तीस. दुसऱ्या पुस्तकाची शंभरावर पाने लिहून झाली होती.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी लवकरच त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. कोटणीसांचे नाव घरोघर पोहोचले ते या चित्रपटामुळे. पडद्यावरचा कोटणीस साथीच्या रोगावर उपाय शोधताना स्वतःच्या देहावर प्रयोग करतो. पाठ्यपुस्तकाचे हस्तलिखित आणि शेतकऱ्यांच्या मुलांचा वर्ग यांतून चित्रपट निघत नाही, ही दिग्दर्शकाची अडचण समजण्यासारखी आहे. पण तोच आपल्या स्मरणातलाही कोटणीस झाला, आणि मास्तर मागे पडला. त्यांचा मुलगा यिनहुआ हाही वैद्यकाचाच विद्यार्थी होता. १९६७ साली, शिक्षण पुरे होण्यापूर्वीच, तो वारला. क्वो छिंगलान यांना दीर्घायुष्य लाभले. त्या भारतात अनेकदा येऊन गेल्या आणि २०१२ साली निवर्तल्या. बेथ्यून यांच्या नावाचे रुग्णालय पुढे शिच्याच्वांग शहरात स्थिरावले. कोटणीस आणि बेथ्यून या दोघांच्या समाध्याही त्याच शहरात, हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, आहेत.

परीक्षापद्धतीत करता येण्याजोगा एक बदल फारसा खर्चिक नाही. एका विद्यार्थ्याने लिहिलेले टिपण, रुग्ण न पाहिलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे आणि केवळ त्या कागदावरून रुग्णाची स्थिती सांगण्यास व रात्री काय करावे हे ठरविण्यास त्याला सांगावे. मग दोघांनी मिळून परीक्षकासह खाटेशी जावे. कागद आणि माणूस यांत जेथे अंतर पडेल तेथे गुण लिहिणाऱ्याचे जातील. कागदात असूनही वाचणाऱ्याच्या नजरेतून जे सुटेल त्याचे गुण वाचणाऱ्याचे. यादीची पद्धतही सोडावयास नको; दिनांक, वेळ आणि सही यांसाठी ती पुरेशी आहे. आक्षेप येईल तो अध्यापकांच्या वेळेचा, आणि तो बिनबुडाचा नाही. सरकारी महाविद्यालयांत रिकाम्या जागा असतात, बाह्यरुग्ण विभागातील रांग दाराबाहेर गेलेली असते, आणि दीडशे-दोनशे विद्यार्थ्यांच्या वह्या मुळापासून वाचणे एका माणसाच्या आवाक्यात नसते. म्हणून सर्व वह्या वाचण्याचा देखावा करण्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्याची सत्रात दोनच टिपणे, पण खाटेशी उभे राहून आणि त्याच्यादेखत वाचावीत. उरलेल्या वह्यांवर सही न केली तरी चालेल.